शेजारच्या फोडणीचा वास

१

गल्लीत कुणाकडे काय शिजतंय हे पुष्पाबाईंना कधी विचारावं लागलं नाही. सकाळी ओट्यावर तांदूळ निवडायला बसल्या की वाऱ्यासरशी सगळं घरबसल्या कळायचं. समोर बेबाबाईंकडे सकाळीसकाळीच काळ्या मसाल्याचा वास, म्हणजे जावई येणार. पलीकडे भेंडी करपली, म्हणजे सून फोनवर. निंबाभाऊ, त्यांचा नवरा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर घरात बसून बायकोला चिडवण्यापलीकडे त्यांना काम नव्हतं.

"पोलिसात पाहिजे होती तू," ते म्हणायचे. "सरकारचा कुत्र्यांवरचा खर्च वाचला असता."

"हसा. अर्धी गल्ली माझ्या नाकावर जिवंत आहे."

हे काही अगदीच फुशारकीचं नव्हतं. मागे बेबाबाईंच्या शेगडीची नळी उंदरानं कुरतडली, तेव्हा घरात चार माणसं असून कुणाला पत्ता नव्हता. पुष्पाबाई रस्ता ओलांडून धावत गेल्या आणि त्यांनी गॅसची टाकी बंद केली. तेव्हापासून गल्लीतल्या बायका गॅस चालू ठेवून दळण आणायला जायच्या आणि जाताना ओरडून सांगायच्या, "अक्का, नाक असू द्या हां इकडे."

त्या वर्षी जळगावच्या दुसऱ्या टोकाला एका भाड्याच्या घरात गॅसचा भडका उडाला, आणि एजन्सीवाले घरोघर तपासणीला फिरू लागले. आपल्या गल्लीची तपासणी कधी ठेवायची, कोण कुठल्या वेळी घरी सापडतं, कुणाची किल्ली कुणाकडे असते, हे सगळं ठरवायचं काम कुणी न सांगता पुष्पाबाईंनी अंगावर घेतलं. भिंतीला भिंत लागून असलेलं हितेंद्रचं घर तर त्यांच्याच ताब्यात होतं. हितेंद्र नोकरीमुळे वरणगावला राहायला गेला होता. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्यानं द्यायचं, आणि किल्ली पुष्पाबाईंच्या कमरेला.

"अक्का, एक लक्षात ठेवा," हितेंद्र फोनवर म्हणाला होता. "शेगडी नवी आहे, नळी नवी आहे, टाकी भरलेली आहे. पण तपासणीचं स्टिकर लागल्याशिवाय कुणाला राहू देऊ नका. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात येईल."

"अरे, मी आहे ना इथे," पुष्पाबाई म्हणाल्या.

२

एजन्सीचा मेकॅनिक पंडित हा साक्रीकडचा निघाला. पुष्पाबाईंचं माहेरही तिकडचंच, त्यामुळे बोलणं लगेच अहिराणीवर आलं.

"मंग मना माहेरनाच शेतस तुम्ही," त्या म्हणाल्या आणि चहात साखर जरा जास्त पडली.

गल्ली आटपून शेवटी हितेंद्रचं घर उघडलं. बंद घर म्हटलं की कोंदट वास येतो, पालीचा, उंदराचा, मोरीचा. पुष्पाबाईंनी सवयीनं नाकाला पदर लावला आणि थोड्या वेळानं काढून टाकला. वास नव्हता. हितेंद्रनं रंग दिलाय ना, त्यामुळे असेल, असं त्यांनी मनात म्हटलं. मग लक्षात आलं की रंगाचाही वास नव्हता.

पंडितनं रेग्युलेटर बसवला, चावी फिरवली आणि नळीच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचा फेस लावला. गॅस सुटत असेल तर बुडबुडा फुगतो, एवढं पुष्पाबाईंनाही ठाऊक होतं. फेसात एक बुडबुडा उठला. पावट्याएवढा झाला. मग फुटायच्या ऐवजी हळूच खाली बसला, आणि नुसता बसला नाही, मधोमध खळगा पडून आत ओढला गेला. थोडं थांबून पुन्हा वर आला. पुन्हा आत गेला.

पंडित उकिडवा बसून बघत राहिला. त्यानं फेस पुसला, सांधा पान्यानं आवळला, नवा फेस लावला. पुन्हा तेच. झोपलेल्या लेकराच्या पोटासारखं वर, खाली.

मग त्यानं मुद्दाम सांधा किंचित सैल केला. गॅस सूं सूं करत सुटला, पुष्पाबाईंना तो आवाज स्पष्ट आला.

"अक्का, वास येस का?"

पुष्पाबाईंनी नाक पुढे केलं. छाती भरून श्वास घेतला. "नही रे."

"गॅसला स्वतःचा वास नसतो," पंडित हळू म्हणाला. तो आता शहरी मराठीत बोलत होता, जसं काही शिकवलेलं पाठ म्हणत होता. "वास वरून घालतात. माणसाला कळावं म्हणून."

त्यानं सांधा घट्ट केला, टाकी बंद केली आणि अंगणात आला. तिथे त्यानं आपला हात नाकाजवळ नेला. मग पुष्पाबाईंपुढे धरला. उन्हात त्याच्या बोटांना साबणाचा वास येत होता, गॅसचाही येत होता, नाकात बसेल असा. तो माघारी वळून दारात एक पाऊल आत गेला, हात हुंगला, आणि बाहेर आला. चेहरा उतरला होता.

"अक्का, आठे कोनले राहू देऊ नका."

"काबरं? गळती शे का?"

"गळती राहती तं बरं जातं," तो म्हणाला. "माले इचारू नका." पिशवी उचलली, फेसाची बाटलीही आत विसरला, आणि स्टिकर न लावता निघून गेला. दुसरा चहा ओतलेला तसाच राहिला.

त्या दिवशी भाकरी थापताना पुष्पाबाईंना एक गोष्ट सुचली आणि हात थांबला. आधीचे भाडेकरू शेजारी चांगले दोन वर्षं राहिले होते. गरीब, शांत माणसं. ते लोक खात काय होते? गल्लीतल्या सगळ्यांचं त्यांना माहीत होतं. या घराचं काहीच आठवत नव्हतं. एक दिवसही नाही.

३

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. गल्लीत माहेरवाशिणी यायला लागल्या, कडुलिंबाला झोका बांधला गेला. पुष्पाबाईंची मेघा सुरतेहून आली नाही. नवऱ्याला सुट्टी नाही म्हणाली. मागच्या वर्षीही तेच म्हणाली होती.

तशात मयुरी आली. पाचोऱ्याची पोरगी, नवरा ललित केळीच्या ट्रकांवर जाणारा, आठवडा आठवडा बाहेर. कडेवर सहा महिन्यांची लेक. उन्हात घर शोधून शोधून पोरीचे गाल लाल झाले होते. लहान मूल बघून घरमालक नाही म्हणत होते. आता जिथे राहत होती तिथून अमावस्येपर्यंत निघायचं होतं.

"अक्का, कोणी सांगितलं तुमच्या शेजारी खोली आहे," ती म्हणाली, आणि लेक आपणहून पुष्पाबाईंकडे झेपावली.

पुष्पाबाईंनी तिला छातीशी घेतलं. तेल, पावडर, आंबूस दूध. टाळूचा तो वास नाकात गेला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीपलीकडे असं लेकरू रडेल, हसेल, मेघा नाही तर नाही.

"आहे ना खोली," त्या म्हणाल्या. "फक्त गॅसची तपासणी तेवढी राहिलीये."

पंडितला फोन लावला, त्यानं उचलला नाही. एजन्सीनं मग भूपेंद्रला पाठवलं. जाडजूड, घामाघूम, अजून पन्नास घरं उरलीत म्हणून कटकट करणारा माणूस. त्याला पुष्पाबाईंनी सरळ आपल्या स्वयंपाकघरात नेलं. त्यानं शेगडी तपासली, फोटो काढला.

"शेजारचीही करायची ना? चला."

"ती किल्ली सापडत नाही भाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या. किल्ली कमरेला टोचत होती. "शेगडी सारखीच आहे. हिचाच काढा ना आणखी एक. तुमची चक्कर वाचेल."

भूपेंद्रनं कपाळ पुसलं. ओट्यावरचा डबा हलवला, दुसऱ्या बाजूनं फोटो काढला आणि दोन स्टिकर दिले. असं सगळीकडेच चालतं, असं पुष्पाबाईंनी मनाला सांगितलं. पंडित तरी काय म्हणाला होता, गळती नाही असंच ना. मग झालं तर.

निंबाभाऊ दारातून बघत होते. "एका शेगडीचं दोन घरात लगीन लावलं तू."

"गप्प बसा. लेकरू उन्हात फिरतंय."

संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं शेजारच्या ओट्यावरच्या भिंतीला स्टिकर चिकटवलं.

४

नव्या घरात दूध उतू घालायचं असतं. पुष्पाबाईंनीच पातेलं आणलं, हळदीकुंकू आणलं, चार बायका बोलावल्या. मयुरीनं शेगडीची पूजा केली आणि दूध ठेवलं. दूध वर आलं, कडांवरून ओघळलं, बर्नरवर पडलं, आणि ज्योत विझली. बायका हसल्या, बरकत झाली म्हणाल्या. पुष्पाबाईंनी पुढे होऊन चावी बंद केली.

दूध खाली बसलं. मग पुन्हा वर आलं.

गॅस बंद होता. पातेल्याखाली ज्योत नव्हती. तरी दूध संथपणे कडेपर्यंत चढलं, साय ताणली गेली, आणि पुन्हा खाली उतरलं.

"पातेलं जाड आहे, आच धरून ठेवतं," बेबाबाई म्हणाल्या. पुष्पाबाईंनीही मान हलवली. आच तर असतेच. पण बर्नरवर दूध करपून काळं पडलं होतं आणि त्या करपलेल्या दुधाचा वास, जो तीन घरं सोडून कळतो, तो हातभर अंतरावर येत नव्हता. त्यांनी बायकांच्या तोंडाकडे पाहिलं. बायका पेढे खात होत्या.

सगळ्या गेल्यावर मयुरी जवळ आली. "अक्का, सर्दी झाली का मला? उदबत्ती लावली तर वासच येईना."

सांगायचा क्षण हा होता. पुष्पाबाईंना कळत होतं की हा क्षण आहे. पंडितचं बोलणं जिभेवर आलं. पण मग स्टिकरचं सांगावं लागलं असतं, मग हितेंद्रला कळलं असतं, मग ही पोरगी लेकराला घेऊन पुन्हा उन्हात.

"नवा रंग आहे ना, त्यानं नाक बसतं," त्या म्हणाल्या. "आणि तू कशाला काळजी करतेस? भिंतीपलीकडे मी आहे. काही सुटलं-बिटलं तर तुझ्याआधी मला वास येईल. सगळ्या गल्लीला विचार."

मयुरी हसली. एवढं मोकळं की पुष्पाबाईंना बरं वाटलं.

५

मे महिन्यात जळगावात भिंतीही तापतात. दुपारी कुणी खिडकी उघडी ठेवत नाही. मयुरीनं वर्षाचा मसाला करायला काढला आणि पुष्पाबाई मदतीला गेल्या. कढईत सुक्या मिरच्या टाकल्या. मिरच्या फुगल्या, तडकल्या, काळ्या पडल्या, धूर पंख्यापर्यंत गेला. खान्देशात मिरची भाजली की गल्ली खोकते, माणसं दारं लावून शिव्या देतात.

दोघी कढईवर वाकून उभ्या होत्या. कुणाला ठसका लागला नाही. डोळ्यांना पाणी आलं नाही. पलीकडे झोळीत लेक शांत झोपली होती, धूर तिच्या तोंडावरून जात होता.

"किती गुणाची आहे बघा," मयुरी म्हणाली. "इथे आल्यापासून रडत नाही."

"रडतच नाही?"

"तोंड उघडते रडायला. मग विसरूनच जाते." तिनं मिरच्या परतल्या. तिचा आवाज बारीक झाला होता, वाक्याच्या शेवटी हवा संपल्यासारखा. "मला पण बरं वाटतं इथे. आधी वास नाही म्हणून घाबरू राह्यले होते. आता बाहेर गेले की डोकं दुखतं. किती वास असतात नाही बाहेर?"

पुष्पाबाईंनी लेकीला झोळीतून उचललं आणि जरा वेळ माझ्याकडे राहू दे असं म्हणत आपल्या घरी आणलं. आपल्या देवघरापुढे बसल्या. तिच्या टाळूला नाक लावलं.

काही नाही.

तेल चोपडलेलं दिसत होतं. केस चिकट होते. त्यांनी गळ्याच्या वळीत नाक खुपसलं, तळहात हुंगले, तोंडाजवळ गेल्या. लेक त्यांच्याकडे बघत होती. तिला कशाचाही वास नव्हता, धुतलेल्या काचेलाही असतो तेवढासुद्धा नाही.

माझंच नाक गेलं, असं म्हणून त्यांनी स्वतःची बोटं हुंगली. सकाळचा लसूण आला. उदबत्ती आली. निंबाभाऊंच्या सदऱ्याचा घाम आला. सगळं जागच्या जागी होतं, मांडीवरचं लेकरू सोडून.

"काय करतेस?" निंबाभाऊ म्हणाले. "पोरगी आहे ती, खरबूज नाही."

त्या दिवशी त्यांनी पंडितला परत परत फोन केला. शेवटी त्यानं उचलला.

"पंडितभाऊ, त्या घरात माणसं राहिलीत."

"स्टिकर कोनी लाया?"

पुष्पाबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"कोनती शेगडी दखाडी, अक्का?"

"मनी," त्या म्हणाल्या. "मना घरनीच दखाडी."

मग तो म्हणाला, "तुमना घरमा वास येस ना आजून?"

"येस."

"मंग त्यासले आजच काढा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आजच काढा. पण ललित ट्रकवर होता. लेकराला घेऊन ती जाणार कुठे, आणि काय सांगून काढायचं? वास येत नाही म्हणून घर सोड? पोरगी हसेल. उद्या सकाळी तिला आपल्याकडेच राहायला बोलावू, मेघाची खोली रिकामीच आहे, ऊन लागतं म्हणून सांगू. असं ठरवून पुष्पाबाई निजल्या आणि त्यांना चांगली झोप लागली.

६

सकाळी पाहुणे आले, त्यांच्यात जेवणवेळ झाली. निंबाभाऊ पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेले. मयुरीसाठीही वरण करावं आणि तेच घेऊन तिला आणायला जावं, म्हणून पुष्पाबाईंनी तेल तापवलं. मोहरी टाकली. तडतडली. लसूण टाकला. लसूण पिवळा झाला, लाल झाला.

लसूण काळा झाला.

पुष्पाबाई कढईकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी तोंड खाली नेलं. वाफ गालाला लागली, पोळली. बाकी काही नाही. त्यांनी हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. मग रॉकेलची बाटली. मग स्वतःचा पदर.

ओट्याच्या वर भिंतीला तपासणीचं स्टिकर होतं. एकाच शेगडीची दोन, एक इकडे, एक तिकडे, मध्ये एक वीट.

त्यांनी आपला गॅस बंद केला, टाकी बंद केली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सूं सूं आवाज थांबला नाही. तो भिंतीतून येत होता.

किती वेळपासून? त्यांना सांगता आलं नसतं. ज्या गोष्टीवर गल्ली अवलंबून होती ती सकाळपासून त्यांच्याजवळ नव्हती, आणि पाहुण्यांच्या गडबडीत त्यांना तिची आठवणही झाली नव्हती.

त्या अनवाणी धावल्या. फरशी पोळत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, थंड आणि स्वच्छ, जसं कधी कुणी काही शिजवलंच नाही. ओट्याजवळ मयुरी उभी होती. खांद्यावर लेक, तोंड उघडं, डोळे मिटलेले. शेगडीची चावी पूर्ण फिरवलेली. बर्नर विझलेला, त्यावर ताजं उतू गेलेलं दूध. सूं सूं आवाज खोलीभर होता.

"बरं झालं आल्या, अक्का," मयुरी वळून म्हणाली. ओठ निळसर दिसत होते. ती हसली, तेच मोकळं हसू. "दूध उतू गेलं अन् विझला. कधीची पेटवू राह्यले, पेटतच नाही." हातात लायटर होता. "मी म्हटलं, गॅस सुटत असता तर तुम्ही धावत आल्या असत्या."

नको, असं पुष्पाबाईंना ओरडायचं होतं. ओरडायला आधी श्वास घ्यावा लागतो. त्यांनी तोंड उघडलं, छाती वर ओढली, आणि आत काही आलं नाही. हवा त्यांच्याकडे येत नव्हती. ती दुसरीकडे जात होती. पडद्याची कड ओट्याकडे वळली होती, मयुरीच्या कपाळावरची बट ओट्याकडे वळली होती, आणि थंड शेगडीवरच्या पातेल्यात साय हळूहळू वर येत होती, खाली बसत होती, वर येत होती.

त्यांनी हात हलवले. मयुरीला वाटलं, अक्का लेकीला मागतायत.

"थांबा, देते. एवढं पेटवून घेते."

लायटर वाजला. ठिणगी पडली नाही. तिनं तो ओढणीला पुसला आणि पुन्हा बर्नरजवळ नेला.

पातेल्यातली साय फुगली, कडेपर्यंत आली, आणि या वेळी खाली बसली नाही.